जागच्या जागी धावणारी सायकल

लातूरहून अंबाजोगाईकडे जाताना रेणापूर लागते. तिथल्या बाजारात धार लावणाऱ्याची सायकल आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तो सायकल स्टँडवर उभी करतो, सीटवर बसतो आणि पायडल मारू लागतो. मागचे चाक हवेत फिरते आणि त्यावरून पुढे नेलेल्या पट्ट्यावर धारेचा दगड गरगर फिरतो. विळे, कोयते, अडकित्ते, शिंप्याच्या कात्र्या अशा एकेका वस्तूला धार लागते. दिवसभरात तो किती पायडल मारतो कोण जाणे, पण सायकल बोटभरही पुढे सरकत नाही.

याच गावातल्या एका शाळेत आम्ही काही शिक्षक विज्ञानाच्या तासाला बसलो होतो. विषय होता गती. आठवीतल्या एका मुलीने धार लावणाऱ्याचे उदाहरण दिले आणि लगेच विचारले, "सर, स्टँडवरची सायकल पडत नाही, कारण तिला स्टँड आहे. रस्त्यावरची पडत नाही, कारण ती पुढं जाते. मग स्टँड काढला आणि सायकल जागच्या जागीच चालवली, तर ती पडंल का?"

आमच्यात दोन तट पडले. काही म्हणाले, "पडणारच. पुढे गेल्याशिवाय तोल कसा राहील?" काही म्हणाले, "पडणार नाही. चाके फिरत असली म्हणजे झाले. भोवरा पडतो का?" नंतर शोध घेतला तेव्हा कळले, की पहिल्यांचे उत्तर चूक होते आणि दुसऱ्यांचे उत्तर बरोबर असले तरी कारण अपुरे होते. ही दोन्ही कारणे आम्ही कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो होतो, ही त्यातली खरी टोचणारी गोष्ट.

त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणारे एक साधन शंभराहून अधिक वर्षे वापरात आहे. त्याला रोलर म्हणतात. शर्यतीचे सायकलपटू पावसाळ्यात, थंडीत किंवा शर्यतीपूर्वी अंग गरम करण्यासाठी ते वापरतात. पोळी लाटायच्या लाटण्यासारखे तीन मोठे रूळ एका आडव्या चौकटीत बसवलेले असतात. मागच्या चाकाखाली दोन आणि पुढच्या चाकाखाली एक. मागच्या दोहोंपैकी एका रुळावरून पुढच्या रुळावर पट्टा चढवलेला असतो. स्वाराने पायडल मारले की मागचे चाक फिरते, त्याने रूळ फिरतात आणि पट्ट्यामुळे पुढचे चाकही तितक्याच वेगाने फिरू लागते. सायकलला कुठेही बांधलेले नसते. स्टँड नाही, पट्टी नाही, कुणाचा हात नाही. स्वार खोलीतल्या खोलीत तासाला ३० किलोमीटरच्या वेगाने 'जातो' आणि राहतो तिथेच.

म्हणजे ती पडत नाही. का पडत नाही, हे समजायला मात्र माणसाला बराच काळ लागला.

तोल सापडला कसा

१८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल ड्राइस याने एका मागे एक अशी दोन लाकडी चाके असलेली गाडी रस्त्यावर आणली. तिला पायडल नव्हते. स्वार तिच्यावर बसून जमिनीवर पाय मारीत पळवायचा. पण तिचे पुढचे चाक हँडलने वळवता येत होते आणि यातच पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज होते. १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. पाय जमिनीवरून सुटले आणि लोकांच्या लक्षात आले, की सायकल चालवणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क अशा शहरांत मोठ्या बंदिस्त दालनांमध्ये सायकल शिकवण्याच्या शाळा निघाल्या.

१८६९ साली स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने या नव्या वाहनाच्या गतीवर लेख लिहिले. उष्मागतिकी शिकवणाऱ्यांना हे नाव परिचित आहे. त्याने जे मांडले ते आजही पायाभूत आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला स्वार हँडल वळवतो. त्यामुळे चाके कललेल्या बाजूला सरकतात आणि पुन्हा स्वाराच्या भाराखाली येतात.

वर्गात हे दाखवायला सायकलचीही गरज नाही. तळहातावर छडी उभी धरण्याचा खेळ मुलांकडून करून घ्यावा. छडी उजवीकडे पडू लागली की आपण हात उजवीकडे नेतो. छडीचे वरचे टोक आपण ओढीत नाही, तिचा पाया तिच्या भाराखाली नेतो. सायकलवर हेच काम हँडल करते. म्हणून सायकल कधी पूर्ण सरळ जात नाही. ओल्या मातीत उमटलेला चाकाचा माग पाहावा, तो सतत नागमोडी असतो. शिकाऊ स्वाराचा माग मोठ्या वळणांचा आणि सरावलेल्या स्वाराचा बारीक वळणांचा, एवढाच फरक.

बेळगावचे दुकान

आपल्याकडे ही विद्या कशी आली याचा एक दुवा बेळगावात सापडतो. १८६९ साली, म्हणजे रँकिनचे लेख आले त्याच वर्षी, गुर्लहोसूर येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले. पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर त्यांनी ती सोडली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची रेखाटने शिकवू लागले. तेही आपल्यासारखे मास्तरच होते. भाऊ रामुअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, ती या दुकानापासून.

१८८८ हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेले रबरी टायर बनवले ते याच वर्षी. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८८५ साली, जॉन केंप स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल आणली होती. सारखी दोन चाके, साखळी आणि मागच्या चाकाला गती, म्हणजे आजच्या सायकलचाच आराखडा. सायकल सुरक्षित झाली, मऊ झाली आणि अवघ्या काही वर्षांत ती बेळगावपर्यंत पोहोचली. सायकलीपासून सुरू झालेले हे घराणे पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांना यंत्राची पहिली ओळख नांगर आणि कडबाकुट्टीने झाली. त्या यंत्रांमागे एक सायकलचे दुकान होते, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.

खेड्यात मात्र सायकल शिकवायला दुकान नव्हते. तासाच्या भाड्याने मोठ्या माणसाची उंच काळी सायकल आणायची, दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून 'कैची' मारायची आणि मागे धावणाऱ्या भावाने केव्हा हात सोडला ते कळूही द्यायचे नाही, हा आपला अभ्यासक्रम. त्या वेळी भाऊ ओरडून सांगायचा, "हँडल कलेल तिकडं वळव!" रँकिनचे नावही न ऐकता त्याला रँकिन ठाऊक होता.

रोलर रंगमंचावर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका आणि युरोपात सायकल शर्यतींचे वेड शिगेला पोहोचले होते. हिवाळ्यात सराव बंद पडू नये म्हणून घरात चालवायची साधने निघाली. त्यांत रोलरही होते. लवकरच त्यांचा तमाशाही झाला. रंगमंचावर शेजारी शेजारी दोन रोलर ठेवायचे, दोन स्वार बसवायचे आणि कुणाचे अंतर आधी पुरे होते ते प्रेक्षकांना दाखवायचे.

अशा खेळांत भाग घेणारे दोघे जण इतिहासात गाजले. एक मार्शल 'मेजर' टेलर. १८९९ साली माँट्रियल येथे जागतिक अजिंक्यपद जिंकणारा हा कृष्णवर्णीय अमेरिकन. वर्णद्वेषामुळे त्याला अनेक शर्यतींतून डावलले गेले, धावपट्टीवर त्याला धक्के मारून पाडले गेले. रोलरवर दोन स्वारांच्या वाटा एकमेकींना छेदत नाहीत, त्यामुळे तिथे धक्का मारायला जागाच नसते.

दुसरा चार्ल्स मर्फी. मर्फीचे म्हणणे असे, की समोरची हवा दूर केली तर माणूस आगगाडीच्या वेगाने सायकल चालवू शकेल. लोक हसले. ३० जून १८९९ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या लोहमार्गावर रुळांच्या मधोमध फळ्या अंथरल्या गेल्या. धावत्या गाडीच्या शेवटच्या डब्यामागे वारा अडवणारा आडोसा केला होता. त्या आडोशात मर्फीने एक मैल ५७.८ सेकंदांत कापला. म्हणजे तासाला सुमारे १०० किलोमीटर! रोलरवरच्या स्वाराला अंगावर वारा लागत नाही. गाडीमागच्या मर्फीलाही जवळजवळ लागत नव्हता. सायकलस्वाराचा मोठा शत्रू चढ नसलेल्या रस्त्यावर हवाच असते, ही गोष्ट दोन्हींतून कळते.

१९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेतही जागच्या जागी चालवायच्या सायकली होत्या. त्यांच्यापुढच्या मोठ्या तबकडीवर लाल आणि निळा काटा फिरून प्रत्येकाने किती अंतर 'कापले' ते दाखवी. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये रोलर शर्यती पुन्हा लोकप्रिय झाल्या. नृत्यगृहांत गर्दी जमे आणि घड्याळासारख्या तबकडीवरचे काटे पाहून लोक आरडाओरडा करीत. २०२०च्या टाळेबंदीत जगभरचे सायकलपटू घरात अडकले, तेव्हा तबकडीची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने घरबसल्या चालवायच्या सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. काटा गेला आणि चित्र आले, पण कल्पना तीच राहिली.

भोवऱ्याचे काय?

आता आमच्यातल्या दुसऱ्या तटाकडे वळू. फिरत्या चाकामुळे सायकल उभी राहते, भोवऱ्यासारखी, असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. १८९९ साली फ्रान्सिस व्हिपल या इंग्रज विद्यार्थ्याने सायकलच्या गतीची पूर्ण समीकरणे मांडली. त्यात चाकाच्या फिरण्याचा परिणाम होता, पण तो अनेक परिणामांपैकी एक होता. तरीही भोवऱ्याचे स्पष्टीकरण सोपे असल्याने रूढ झाले.

१९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ठरवले, की चालवता न येणारी सायकल बनवून पाहायची. त्याने पुढच्या चाकाशेजारी दुसरे चाक बसवले. ते जमिनीला न टेकता उलट दिशेने फिरवले की भोवऱ्याचा परिणाम नाहीसा होतो. सायकल चालवता येऊ नये अशी त्याची अपेक्षा होती. ती सहज चालवता आली! फक्त हात सोडून चालवणे अवघड झाले. मग त्याने पुढच्या चाकाची मांडणी बदलून पाहिली. हँडलचा कललेला दांडा तसाच पुढे वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या थोडे मागे चाक जमिनीला टेकते. त्यामुळे चाक आपोआप कलत्या बाजूला वळते. जोन्सला वाटले, खरे गुपित हेच.

तेही पुरे उत्तर नव्हते. २०११ साली अमेरिकेतील कॉर्नेल आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी एक अजब सायकल बनवली. तिच्यात भोवऱ्याचा परिणाम उलट्या चाकांनी पुसून टाकला होता आणि पुढचे चाक त्या बिंदूच्या मागे टेकण्याऐवजी किंचित पुढे टेकत होते. स्वाराविना ढकलून दिल्यावरही ती तोल सावरत पुढे गेली. याचा अर्थ भोवरा आणि चाकाची मांडणी यांची मदत होते, पण त्यांपैकी एकही अपरिहार्य नाही. पुढच्या भागातल्या वजनाची वाटणीही सायकलला कलत्या बाजूला वळवू शकते. या सगळ्यांत समान गोष्ट एकच. सायकल कलली की चाके त्या बाजूला वळली पाहिजेत. ती स्वाराने वळवावीत किंवा सायकलने स्वतः, पण वळली पाहिजेत.

डेल्फ्टच्या संशोधकांनी आपली काही मोजमापे मोठ्या चालत्या पट्ट्यावर सायकल सोडून घेतली. तिथेही सायकल जागच्या जागीच होती. गॅलिलिओने सांगितलेच आहे, की एकसमान गतीने चालणाऱ्या जहाजाच्या खोलीत बसून जहाज चालते की थांबले हे ओळखता येत नाही. सायकल रस्त्यावर सरकते की रस्ता सायकलखाली सरकतो, तोलाच्या गणिताला दोन्ही सारखेच. रेणापूरच्या मुलीला द्यायचे उत्तर हे आहे. पुढे जाणे आवश्यक नाही. चाकाखालची जमीन मागे जाणे आणि हँडल मोकळे असणे आवश्यक आहे. हँडल घट्ट बांधून टाकले, तर धावत्या रस्त्यावरही सायकल काही क्षणांत पडेल.

रोलरवर काय नसते

मग रोलर आणि रस्ता यांत फरकच नाही का? आहे, आणि तो आकड्यांत मांडता येतो. वरच्या वर्गांना ही उदाहरणे जरूर द्यावीत.

स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरू, वेग तासाला ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. साध्या बसणीत हवेला कापण्यासाठी सुमारे १४० वॅट शक्ती लागते. टायर दबून होणारा विरोध मात्र सुमारे ३५ वॅटच. रोलरवर हवेचा हिस्सा जवळजवळ शून्य. रूळ गोल असल्याने टायर त्यावर जास्त दबतो, म्हणून टायरचा विरोध दोन-तीन पट वाढतो. रूळ जितका बारीक तितका तो अधिक. वेग दुप्पट केला तर रस्त्यावर हवेसाठी आठपट शक्ती लागते, रोलरवर मात्र एकूण सुमारे दुप्पट. म्हणून रोलरवरचा मोठा वेग पाहून कुणी फुशारू नये!

दुसरा फरक गतिज ऊर्जेचा. रस्त्यावर त्या वेगाला सुमारे २,९५० ज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. रोलरवर स्वार स्थिरच असतो, फिरतात ती फक्त चाके आणि रूळ. दोन्ही चाकांच्या कडांचे वस्तुमान २ किलो धरले तर त्यांची ऊर्जा ७० ज्यूलच्या आसपास. म्हणून पायडल थांबवले की रोलरवरची चाके काही सेकंदांत थंडावतात. रस्त्यावर खपून जाणारी झटक्याची पायडल रोलरवर लगेच उघडी पडते. पाय गोलाईने, एकसारखा फिरवायला शिकवणारा हा कडक मास्तर आहे.

याच गणिताने एक भीतीही दूर होते. रोलरवरून घसरलेली सायकल खोलीभर सुसाट धावत भिंतीवर आदळेल, असे पुष्कळांना वाटते. २ किलो वस्तुमानाच्या कडा सेकंदाला ८.३३ मीटरने फिरत जमिनीला टेकल्या, तर घर्षणाने त्यांचा वेग कमी होईल आणि ८५ किलोचा डोलारा थोडा पुढे ढकलला जाईल. हिशोब केला तर पुढचा वेग सेकंदाला जेमतेम २० सेंटिमीटर येतो. सायकल पुढे पळत नाही, ती जवळजवळ जागेवरच आडवी होते. भीती धरायची ती शेजारच्या टेबलाच्या कोपऱ्याची.

तिसरा फरक उष्णतेचा आणि तो आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा. १९१३ साली बोस्टन येथे बेनेडिक्ट आणि कॅथकार्ट यांनी एका व्यावसायिक सायकलपटूला प्रयोगशाळेतल्या जागच्या सायकलवर बसवून त्याचे काम आणि त्याने वापरलेली ऊर्जा मोजली. अशा मोजमापांतून कळले, की शरीर वापरते त्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा भागच पायडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. पायडलवर १०० वॅट मिळत असतील तर शरीरात सुमारे ३०० वॅट उष्णता तयार होते. तासाभरात ती १०,८०,००० ज्यूल होईल. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे ४५० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. नुसता गळून उपयोग नाही, वाळला पाहिजे! रस्त्यावर स्वतःच्या वेगाचा वारा हे काम फुकट करतो, बंद खोलीत तो नसतो. लातूरच्या एप्रिलमध्ये वीज गेलेल्या खोलीत रोलर चालवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. पहाटेची वेळ, व्हरांड्याची जागा, समोर पंखा आणि हाताशी पाणी हे नियम पाळलेच पाहिजेत.

निवडताना आणि वापरताना

एखाद्या शाळेत किंवा तालमीत शर्यतीची तयारी करणारी मुले असतील आणि रोलर घ्यायचा विचार असेल, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

बाजारात तीन प्रकारची साधने मिळतात. पहिली व्यायामाची सायकल, तिला रस्त्यावर नेता येत नाही. दुसरा ट्रेनर, यात आपल्याच सायकलचे मागचे टोक जखडतात. दम वाढवायला तो उत्तम, पण तोल शिकवत नाही, कारण सायकल कलूच शकत नाही. धार लावणाऱ्याच्या स्टँडचाच तो सुधारलेला भाऊ. तिसरा रोलर, यात तोलाचे काम स्वाराचेच राहते.

रोलरचा रूळ सुमारे ८ ते ११ सेंटिमीटर व्यासाचा असतो. नवशिक्याने जाड रूळ घ्यावा. बारीक रुळावर जोर जास्त लागतो. रुंदी ४० सेंटिमीटरच्या आसपास असावी. ही रुंदी किती तोकडी आहे ते पाहा. तासाला ३० किलोमीटर वेगाला हँडल फक्त एक अंश वळलेले राहिले, तर पुढचे चाक सेकंदाला सुमारे १४.५ सेंटिमीटर बाजूला सरकते. मधून कडेपर्यंतचे २० सेंटिमीटर दीड सेकंदाच्या आत संपतात. मग हळू चालवावे का? फार हळू चालवले तर चाके भाराखाली पोहोचायला उशीर होतो आणि तोल जातो. मध्यम वेग आणि हँडलवर हलका हात, हाच उपाय.

पुढचा रूळ मागेपुढे सरकवता आला पाहिजे. तो पुढच्या चाकाच्या आसाच्या बरोबर खाली किंवा बोटभर पुढे असावा. आपल्या काळ्या सायकलीची दोन चाकांमधली लांबी शर्यतीच्या सायकलपेक्षा जास्त असते, म्हणून विकत घेण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन जावे. टायर गुळगुळीत आणि हवा पुरेशी हवी. खोल नक्षीचे टायर रुळावर थरथरतात आणि झिजतात.

तालुक्याच्या लेथवाल्याकडून रोलर बनवूनही घेता येईल. शेतातल्या पाइपलाइनसाठी ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप सर्वत्र मिळतो, त्यातला जाड भिंतीचा निवडावा. दोन्ही टोकांना लेथवर कातलेल्या चकत्या, मधून लोखंडी आस, दोन बेअरिंगे आणि कोनपट्टीची चौकट. यात हयगय चालणार नाही ती एकाच ठिकाणी, आस बरोबर मध्यात हवा. ३० किलोमीटर वेगाला हा रूळ मिनिटाला सुमारे १,४५० फेरे घेतो. कडबाकुट्टीच्या मोटारीच्या पाटीवर १४४० हा आकडा बहुधा असतो, म्हणजे तेवढ्याच वेगाने. इतक्या वेगाला जरासा वाकडेपणाही चौकट खडखडवतो.

पहिल्या दिवशी रोलर दाराच्या चौकटीत किंवा भिंतीलगत ठेवावा, म्हणजे हात टेकता येतो. एकाने सीट धरावी. पट्ट्यापासून ओढणी, सैल पायजमा आणि बोटे दूर ठेवावीत. नजर पुढच्या चाकावर नको, दोन-तीन मीटर पुढे हवी. चाकाकडे पाहणारा प्रत्येक बारीक हालचालीला घाबरून हँडलला हिसका देतो आणि तो हिसकाच त्याला पाडतो. चाके पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नये. पहिल्या आठवड्यात पाच-दहा मिनिटे पुष्कळ झाली.

पुण्यात १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला सायकलची धावपट्टी उभी राहिली. अशा धावपट्टीच्या कडेला शर्यतीपूर्वी खेळाडू रोलरवर अंग गरम करताना दिसतात. रेणापूर परिसरातल्या मुलामुलींना धावपट्टी दूर आहे आणि उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला रस्ता सरावाला धोक्याचा आहे. चार फूट जागेत मावणारा रोलर हा त्यांच्यासाठी चैनीचा खेळ नाही.

त्या तासाला आम्ही उत्तर देऊ शकलो नव्हतो. पुढच्या वेळी तेच उत्तर मुलांकडून काढून घेण्याचा आमचा विचार आहे. आधी तळहातावर छडी, मग ओल्या मातीतला माग, मग हँडल दोरीने बांधलेली सायकल मैदानात ढकलून देणे आणि जमल्यास रोलर. या क्रमाने गेले तर पाठ्यपुस्तकातले 'वेगामुळे तोल राहतो' हे वाक्य मुले आपणहून दुरुस्त करतील. वेग लागतो, पण तो कुणाच्या सापेक्ष, हे विचारायला शिकतील. धार लावणाऱ्याची सायकल पाहता पाहता हा प्रश्न एका आठवीच्या मुलीला पडला होता, हेही त्यांना सांगायला आम्ही विसरणार नाही.